तीन नळ, एक टाकी

"मंद इंटरनेट असं जगात काही नसतंच," नळसाहेबांनी सकाळी दात घासता घासता जाहीर केलं. "असते ती फक्त चुकीची जोडणी."

बायकोनं मान वर केली नाही. संसार मुरला की नवऱ्यानं दात घासताना केलेल्या घोषणा आणि चूळ भरल्यानंतर केलेल्या घोषणा वेगळ्या काढता येतात. पहिल्या बहुतेक बेसिनातच वाहून जातात. ही मात्र वाहून गेली नाही.

नळसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते पाइपलाइनचे नकाशे काढत. कुठल्या गल्लीखाली कुठला पाइप जातो, कुठे वाकतो, कुठे गळतो, सगळं त्यांना तोंडपाठ. पाणी आलं नाही की बिल्डिंगमधली माणसं त्यांना जिन्यात गाठून जाब विचारत, आणि पाणी आलं की ओळखही देत नसत. अशा नोकरीत माणसाला कधीतरी वाटतंच, की आपणही काहीतरी धो-धो वाहतं करून दाखवावं.

बायको वाचा-उपचार करायची. अर्धांगाच्या झटक्यानं ज्यांचे शब्द हरवतात, जी मुलं पहिल्याच अक्षरावर अडतात, अशांना ती बोलायला शिकवायची. सगळे पेशंट तिला बाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. जे पेशंट घराबाहेर पडू शकत नसत त्यांच्यासाठी बाई आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसत. आणि तिथेच सगळं घोडं पेंड खात होतं. घरातलं नेट म्हणजे पेन्शनच्या रांगेतला म्हातारा. दोन पावलं टाकायची, थांबायचं, दम खायचा.

एरवी माणूस चिडतो आणि सोडून देतो. पण बाईंच्या कामात थांबणं परवडत नाही. समोरचा पेशंट मिनिटभर धडपडून ओठ जुळवतो, छातीतून हवा वर आणतो, आणि नेमका आवाज फुटायच्या वेळी त्याचा चेहरा पडद्यावर गोठतो. मग बाईंना म्हणावं लागतं, "सॉरी हं, परत एकदा." त्या "परत एकदा"नं माणूस किती खचतो ते बाई रोज बघत होत्या. बघून बघून त्याही थकल्या होत्या. संध्याकाळी खोलीतून बाहेर आल्या की खुर्चीत बसून नुसत्या समोरच्या भिंतीकडे बघायच्या.

सगळ्यात अवघड पेशंट होते आवाजदादा. हे नाव त्यांना फळबाजारानं दिलेलं. तिथे ते लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज असा, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोत्यावर झोपलेला हमाल दचकून उठायचा आणि न बघताच पेटी उचलायचा. मग झटका आला. हात हळूहळू वळायला लागला, पाय टेकायला लागला, पण आवाज गेला तो गेलाच. ज्याचं सगळं आयुष्य गळ्यावर चाललं तो माणूस पाणी मागायलाही पेला वाजवून दाखवू लागला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, बाजारात सांगून टाकलं की हे लेकीकडे राहायला गेलेत. दादांनी तेव्हा जोरजोरात मान डोलावली होती. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते आणि घरात कुणाला येऊ दिलं नव्हतं. बाईंनाही फक्त पडद्यावरच.

आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला होता. "बाई, हे कंटाळलेत. उद्या परत मध्येच तुटलं तर पुढे नको, असं दिसतंय त्यांच्या मनात. सांगता येत नाही ना त्यांना, पण काल लॅपटॉपवर त्यांनी टॉवेल टाकून ठेवला."

बाईंनी फोन ठेवला आणि डोळे मिटले. नळसाहेबांनी हे सगळं दारातून ऐकलं. माणूस मनानं चांगला होता. घात होतो तो अशाच माणसांच्या हातून.

"शाळेतलं गणित आठवतं का?" चूळ भरून आल्यावर नळसाहेब म्हणाले. "एका टाकीला तीन नळ. एकटा नळ टाकी भरायला दिवस लावतो. पण तिन्ही एकदम सोडले तर? आपण घरातलं वायफाय घ्यायचं, माझ्या फोनचं घ्यायचं, आणि खालच्या दवाखान्याचं घ्यायचं. तिन्हींचा मिळून एक जाड पाइप. एक तुटला तरी बाकीचे दोन चालू. तसं करणारं सॉफ्टवेअर मिळतं. मी टाकलंय."

"त्या गणितात," बाई म्हणाल्या, "टाकी रिकामी करणाराही एक नळ असायचा."

"तो इथे कुठाय?"

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. चहाचे कप विसळायला निघून गेल्या.

आता खालच्या दवाखान्याचं सांगायला हवं. यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत बाकं, भिंतीवर मोठा टीव्ही, आणि टीव्हीखाली पाटी: पेशंटसाठी वायफाय, पासवर्ड अमुक. नळसाहेब मागच्या महिन्यात दाढेसाठी गेले होते, तेव्हा तो पासवर्ड त्यांच्या फोनात आला होता. पण ते चोरून काही घेणारे नव्हते. त्यांनी रीतसर परवानगी मागितली होती. फक्त मागितली तेव्हा ते खुर्चीत आडवे होते, एका गालात कापसाचे बोळे होते, दुसऱ्या गालात पाणी ओढणारी नळी होती आणि जीभ सुन्न होती. त्यांनी जे विचारलं ते बाहेर पडताना "आआआ आयआय आआओ आ?" असं काहीसं झालं. डॉक्टर ड्रिल हातात घेऊन म्हणाले, "हो हो, अगदी बिनधास्त." नळसाहेबांच्या लेखी हा करार झाला.

दहाच्या सुमाराला त्यांनी कामाला हात घातला. ऑफिसातून रजा टाकलीच होती. एका लॅपटॉपनं तीन वायफाय धरायची म्हणून त्यांनी बाजारातून अँटेनाच्या काड्या आणल्या होत्या. त्या दोन्ही बाजूंनी खोचल्या, एक वायर खिडकीकडे नेली, एक काडी लांब पट्टीला बांधून दवाखान्याच्या दिशेनं खाली सोडली. लॅपटॉप अतिदक्षता विभागातल्या पेशंटसारखा दिसायला लागला.

आणि गंमत म्हणजे ते चाललं. खरंच चाललं. नळसाहेबांनी वेग मोजला आणि त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पुन्हा मोजला. बाईंना बोलावून तिसऱ्यांदा मोजला.

"बरं दिसतंय," बाई म्हणाल्या. गेल्या कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून आलेला हा सगळ्यात मोठा गौरव होता.

अकराला दादांचा चेहरा पडद्यावर आला. स्वच्छ, न अडकता. गालावरची खुरटी दाढीसुद्धा दिसत होती. मागे वहिनी पदर सावरत उभ्या. बाई खुर्ची पुढे ओढून हसल्या. "दादा, आज तुटणार नाही. आज घाई नाही करायची आपण."

इथे नळसाहेबांनी खोलीतून बाहेर जायला हवं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. दुसऱ्या खोलीत जाऊन पेपर वाचला असता आणि जेवताना फुशारकी मारली असती. पण यशाची चटक वाईट. त्यांनी सकाळीच दिवाणखान्यातला टीव्ही उचलून या खोलीत आणून ठेवला होता, पाठीत उसण भरली तरी.

"अगं," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हेच जर टीव्हीवर घेतलं तर त्यांचे ओठ केवढे मोठे दिसतील."

"नको. असंच छान चाललंय."

"एक बटण आहे फक्त."

"अहो, नको म्हणते ना."

पण तोवर एक बटण दाबून झालं होतं. लॅपटॉपनं विचारलं, कुठल्या टीव्हीवर दाखवू? यादीत एकच नाव होतं: टीव्ही. नळसाहेबांना त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. घरात टीव्ही एकच, यादीतही एकच. हिशेब जुळला. त्यांनी 'टीव्ही'वर बोट ठेवलं.

घरातला टीव्ही काळा तो काळाच राहिला. लॅपटॉपमधून येणारा दादांचा आवाज मात्र बंद झाला. चित्र तसंच, ओठ हलतायत, आवाज नाही.

"मला त्यांचा आवाज येत नाहीये," बाई म्हणाल्या.

"येईल. टीव्ही गरम होतोय."

"टीव्ही काय इस्त्री आहे?"

नळसाहेबांनी आवाज वाढवला. काही नाही. आणखी वाढवला. शेवटी टोकाला नेऊन ठेवला. बाईंनी एक खोल श्वास घेतला. उरलेला वेळ वाया घालवण्यापेक्षा त्यांनी दादांच्या ओठांवरूनच काम पुढे न्यायचं ठरवलं. तोंडाच्या व्यायामाची मोठ्या अक्षरांतली पानं त्या नेहमीच पडद्यावर लावत. दादांना ऐकण्यापेक्षा वाचून करणं सोपं जायचं. त्यांनी पहिलं पान लावलं: तोंड मोठं उघडा. मग दुसरं: जीभ बाहेर काढा. मग: लांब 'आ' म्हणा.

नळसाहेब टीव्हीच्या मागे वाकून वायरी चाचपत होते. वाकल्या वाकल्या त्यांना खिडकीतून खालचा रस्ता दिसला. दवाखान्यातून एक बाई गाल धरून लगबगीनं बाहेर पडली. तिच्यामागे एक गृहस्थ, तेही गाल धरून. मग एक जोडपं.

"वा," नळसाहेब म्हणाले, "खालची गर्दी कमी झाली. आता वेग आणखी वाढेल."

खाली काय झालं ते त्यांना नंतर वेगवेगळ्या तोंडांनी, वेगवेगळ्या तऱ्हांनी कळलं. पण मुद्दा एकच होता. दवाखान्यातल्या टीव्हीवर एरवी पांढऱ्याशुभ्र दातांची कुटुंबं आवाज बंद ठेवून हसत असत. ती एकाएकी गेली. त्यांच्या जागी एका वयस्क माणसाचा भलामोठा चेहरा आला, एका बाजूला ओढलेला, घामाघूम. शेजारी बाईंचा चेहरा, आणि मोठ्या अक्षरांत: तोंड मोठं उघडा.

दवाखान्यात माणूस भिंतीवर लिहिलेलं निमूट ऐकतो. बाकावरच्या एका आजींनी तोंड उघडलं. त्यांचं बघून शेजारच्यांनी उघडलं. 'जीभ बाहेर काढा' आलं तेव्हा सगळं बाक जीभ बाहेर काढून बसलं होतं. तपासणीआधी करायचं असेल काहीतरी, असा सगळ्यांचा समज. मग तिसरं पान आलं, आणि वर नळसाहेबांनी आवाज तर आधीच टोकाला नेऊन ठेवला होता.

"आऽऽऽऽऽ."

तो आवाज, सांगतात, हंबरणं आणि कण्हणं यांच्या मधला होता. भिंतीवरच्या घड्याळाची काच थरथरली. त्याच क्षणी आतल्या खोलीत डॉक्टरांनी कुणाच्या तरी दाढेवर ड्रिल लावलं. घुर्रर्र. पुन्हा टीव्हीवर "आऽऽऽऽ."

"हे... हे आत्ता आतलं दाखवतायत?" एकानं विचारलं.

"तसंच दिसतंय," दुसरा म्हणाला. "पण मग माणूस एवढा का ओरडतोय? सुई देत नाहीत वाटतं."

यानंतर कुणाला घरचा गॅस चालू राहिल्याचं आठवलं, कुणाला शाळेतून पोराला आणायचं आठवलं. एका माणसाची दाढ तर तिथल्या तिथे बरी झाली. त्यानं तसं रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलंही. बाक रिकामं झालं. उरल्या त्या फक्त आजी, जीभ बाहेर काढून, कारण आत घ्या असं पान अजून आलं नव्हतं. आणि उरला एक फळांचा व्यापारी. त्याला सगळे शेठ म्हणत. त्याच्या जबड्यात डॉक्टरांनी नुकतंच इंजेक्शन दिलं होतं आणि सुन्न होईपर्यंत बाहेर बसवलं होतं.

शेठ टीव्हीकडे बघत उभा राहिला. हा चेहरा त्यानं पंचवीस वर्षं रोज सकाळी पाहिला होता. लेकीकडे गेलेला माणूस इथे, आतल्या खोलीत, असा कण्हत होता.

शेठ तसाच आत घुसला. खुर्चीत भलताच माणूस होता. शेठनं डॉक्टरांचा हात धरून बाहेर बोट दाखवलं आणि म्हणाला, "आआआ-दाआ. ईव्ही-अअ."

डॉक्टरांना वाटलं, इंजेक्शनची रिअॅक्शन आली. ते घाबरून शेठला धरून बाहेर आले. रिकामं बाक बघितलं. जीभ काढलेल्या आजी बघितल्या. मग टीव्ही बघितला, आणि टीव्हीतल्या बाईंना ओळखलं.

वर बेल वाजली तेव्हा नळसाहेब रिमोट शोधत पलंगाखाली होते. त्यांनी दार उघडलं. दारात हातमोजे घातलेले डॉक्टर, त्यांच्या मागे गळ्यात हिरवं कापड बांधलेला, एका बाजूनं लाळ गळणारा माणूस.

"तुमच्या मिसेस माझ्या टीव्हीवर आहेत," डॉक्टर म्हणाले.

"शक्य नाही," नळसाहेब म्हणाले.

"तुम्ही माझं वायफाय वापरताय?"

"तुम्हीच तर हो म्हणालात."

"मी? कधी?"

"खुर्चीत. मागच्या महिन्यात. बिनधास्त, म्हणालात."

डॉक्टर क्षणभर आठवत राहिले. "मला वाटलं, तुम्ही घरी गेल्यावर आइस्क्रीम खाऊ का विचारताय."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "टीव्हीवर म्हणजे कुठे? कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी," डॉक्टर म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांचाही आवाज उतरला. "आता कुणी नाहीये. पळाले सगळे."

बाई नवऱ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं नळसाहेबांकडे बघितलं. त्या माणसानं चेहरा लपवायला घराची दारं लावून घेतली होती. आपल्या कपाटातल्या आरशावरसुद्धा चादर टाकली होती, असं वहिनी म्हणाल्या होत्या. आणि यांनी त्याला सगळ्या बाकासमोर नेऊन बसवलं होतं, आवाज टोकाला लावून.

बाई लॅपटॉप बंद करायला वळल्या. पण शेठ त्यांच्या आधी आत घुसला होता. त्याला वाटलं होतं, दादा याच घरात असतील. खोलीत कुणी दिसेना तेव्हा तो पडद्यासमोर गेला, आणि तिकडे, आपल्या घरात बसलेल्या आवाजदादांना एकाएकी बाईंच्या जागी शेठचं तोंड दिसलं.

दादांचा डावा हात झटकन चेहऱ्याकडे गेला. त्यांनी मान फिरवली. वहिनी मागून पुढे आल्या, "कोण आहे? बाई, हे कोण?" दादा उठायला बघत होते, पाय नीट टेकत नव्हता. लपायला कोपरा शोधणाऱ्या माणसासारखे ते खुर्चीतल्या खुर्चीत आकसले. नळसाहेबांना ते बघवेना. त्यांनी भिंतीकडे बघितलं.

"आदा," शेठ म्हणाला. "ओए ओआ? ए आआ ओ उई..." लाळेची धार हनुवटीवर आली. त्यानं हिरव्या कापडानं ती पुसली, जीभ गालात फिरवून बघितली, ती सापडली नाही. पुन्हा सुरुवात केली. "आइ आआआओ..." डोळ्यांत पाणी आलं होतं, बोलायचं पुष्कळ होतं, आणि ओठ दुसऱ्याचेच झाले होते.

बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हळू. घाई नाही करायची. आधी ओठ मिटा. परत एकदा."

शेठनं निमूट ओठ मिटले. अर्धेच मिटले.

पडद्यावर दादांनी मान वळवली होती. ते शेठकडे बघत होते. बाजारात ज्याच्या जिभेला हाड नव्हतं, भावासाठी जो तासन् तास घासाघीस करायचा, तो शेठ समोर उभा होता आणि त्याला साधं 'प' म्हणता येत नव्हतं. दादांच्या ओठांचा चांगला कोपरा हलला. मग खांदे हलायला लागले. वहिनी आधी घाबरल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की हे हसतायत. झटका आल्यापासून पहिल्यांदाच.

शेठलाही हसू आलं, पण ते चेहऱ्याच्या एकाच बाजूला उमटलं. दोघांचे दोन अर्धे मिळून एक हसणं पुरं झालं असतं. आणि बोलता येईना म्हणून असेल, किंवा समोर दादा दिसले म्हणून असेल, शेठचा हात आपसूक वर गेला. बाजारात बोली लावताना जायचा तसा, दोन बोटं उंच.

दादांचा हातही वर गेला. आणि खिडकीतून, खालच्या दवाखान्यातून, सबंध इमारत हादरवत आवाज आला:

"एक वार."

नळसाहेबांना प्रथम कळेचना की हे कोण ओरडलं. पडद्यावर दादांचे ओठ हलले होते, आवाज खालून आला होता.

"दोन वार," खालून आलं. खरखरीत, पण स्पष्ट. बाई श्वास रोखून, खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या.

आणि चित्र गोठलं.

हात वर केलेले, तोंड अर्धं उघडलेले दादा पडद्यावर तसेच थांबले. खाली रिसेप्शनवरच्या मुलीनं, टीव्ही बंद होत नाही म्हणून, वैतागून वायफायच्या डब्याचीच पिन उपटली होती. खोलीतल्या सगळ्या माना सावकाश नळसाहेबांकडे वळल्या. बाईंची, शेठची, डॉक्टरांची सुद्धा. नळसाहेबांनी पाणीपुरवठ्याच्या नोकरीत जमावाचे मोर्चे पाहिले होते. पण या तीन माणसांच्या नजरेपुढे त्यांना उभं राहवेना. "एक नळ गेला," ते पुटपुटले. "अजून दोन आहेत. येईल. येईल आता." हे सांगताना ते हात जोडून लॅपटॉपकडे बघत होते. जोडण्याचं गणित ज्याला कळतं तोही शेवटी हातच जोडतो.

चित्र थरथरलं. हललं. दवाखान्याचा टीव्ही सुटला होता, त्यामुळे आवाजही आपल्या घरी परतला, आणि नळसाहेबांनी टोकाला लावून ठेवलेल्या लॅपटॉपमधून खोलीत तोफेसारखं धडाडलं:

"तीन वार!"

शेठनं कापडात तोंड खुपसलं. पलीकडे वहिनी दादांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होत्या आणि दादा, आपण हे काय केलं अशा चेहऱ्यानं, स्वतःच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होते. बाई खुर्चीत बसल्या. त्यांना बसावंच लागलं.

"हे बोलणं नव्हे अजून," त्या नंतर सगळ्यांना सांगत होत्या. "रोज म्हणून म्हणून घासलेले शब्द मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात. पण वाट उघडी आहे हे कळलं. आता तिच्यावरून बाकीचे आणता येतील." हे सांगताना त्या हसत होत्या, पण नवऱ्याकडे बघून नव्हे.

त्या दिवशी त्यांनी वहिनींची माफी मागितली, डॉक्टरांची मागितली, आणि नळसाहेबांशी संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. नळसाहेबांनी स्वतःहून काड्या काढल्या, पट्टी सोडली, टीव्ही उचलून दिवाणखान्यात नेला. उसण होती तिथेच पुन्हा भरली. मग ते खाली जाऊन आजींना रिक्षात बसवून आले. डॉक्टरांनी पासवर्ड बदलला आणि पाटीही काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. बाईंनी घाबरत घाबरत उचलला. "बाई, लपवायचं ते आता उघडं पडलंच," वहिनी म्हणाल्या. "सकाळपासून बाजारातली माणसं दारात येऊन बसलीत. शेठनं बोलता यायला लागल्याबरोबर सगळ्यांना सांगितलं. आणि हे पॅंट चढवून तयार बसलेत. बहुतेक तुमच्याकडेच यायचं म्हणतायत. पडद्यावर नको म्हणतायत. लॅपटॉपवर परत टॉवेल टाकलाय."

तेव्हापासून दादा प्रत्यक्षच येऊ लागले, शेठच्या हाताला धरून, एकेक पायरी चढत. त्यांचं बघून आणखी एक-दोन पेशंट यायला लागले. आतल्या खोलीत लॅपटॉप आता फारसा उघडत नाही. घरातलं नेट त्यामुळे मोकळंच असतं, आणि मोकळं असल्यामुळे झकास चालतं. नळसाहेबांनी एकदा बाईंना तो वेग दाखवायचा प्रयत्न केला. बाईंनी "हो का" म्हटलं.

काही दिवसांनी अशाच एका सकाळी दादा खुर्चीत बसले होते. त्यांनी एकाएकी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. दारात उभ्या असलेल्या नळसाहेबांकडे बघितलं. ओठ जुळवले. कपाळावर घाम आला. बाई पुढे सरकल्या, शेठ पुढे सरकला. नळसाहेब उंबरठा ओलांडून आत आले. इतक्या दिवसांनी हा माणूस आपल्याला काहीतरी सांगू बघतोय. कदाचित आभार. निदान माफी.

"नळ... साहेब," दादा म्हणाले. "च... हा."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. पहिलं वाक्य होतं ते, स्वतःचं, घोकलेलं नव्हे. त्यामुळे नाही म्हणायची काही सोयच नव्हती. नळसाहेब स्वयंपाकघरात गेले आणि आधण ठेवलं.

पुढच्या खेपेला वाक्य आणखी लांबलं. "नळसाहेब, चहा, साखर कमी."

"छान प्रगती आहे," बाई म्हणाल्या, आणि शेठलाही एक कप सांगितला.